पुढची खोली, दावं सोडून

मी, साखराबाई भ्र. म्हाळू गडदे, धंदा मेंढपाळी व शेती, राहणार लिंबागणेश, ता. जि. बीड. वय आधार कार्डाप्रमाणे शहात्तर. कार्ड काढताना त्या पोराने वय विचारलं, मी म्हणाले तुला किती दिसतंय, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. तेव्हा आकड्यावरून कोणी वाद घालू नये.

हे मृत्युपत्र मी आज बीड येथे, कोर्टासमोर लिंबाखाली बसणारे अर्जनवीस बद्रीनाथ यांना तोंडी सांगून लिहून घेत आहे, कारण मला अक्षरओळख नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं बद्रीनाथ सांगतो. माझ्यावर कोणाचा दाब किंवा जबरदस्ती नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. बद्रीनाथने माझं बोलणं सरळ करून लिहावं, गोड करून लिहू नये, असं आमचं ठरलं आहे.

१. लिंबागणेश येथील राहतं घर माझे मयत पती म्हाळू यांनी माझ्या नावाने बांधलं. त्यातल्या मागच्या दोन खोल्या, परस आणि गोठा माझ्या मुलाला, नाथाला द्यावा. नाथा कष्टाळू आहे. फक्त कोणी कागद पुढे केला की वाचायच्या आधी मान हलवतो. हा गुण त्याने माझ्याकडून उचलला, म्हणून मला बोलायला तोंड नाही.

२. मेंढरं नाथाकडेच राहावीत. काळ्या तोंडाची म्हातारी मेंढी मात्र विकू नये. ती आता ना लोकर देते ना कोकरू, पण पाणी कुठे आहे ते सगळ्या कळपात तिलाच आधी कळतं.

३. माझी घोंगडी सुनेला. ती थंडीत न मागता घेतेच, आता हक्काने घ्यावी.

गोठ्यातल्या खुंटीवर जनावरं बांधायची दावी टांगलेली आहेत, तीही नाथाची. त्यांची रीत त्याला ठाऊक आहे, पण हा कागद बीडच्या माणसांपुढे जायचा, म्हणून सांगते. आमच्यात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. देणाऱ्याने आपलं दावं सोडून घ्यायचं, घेणाऱ्याने आपलं आणायचं. दावं सुटलं की त्या जनावरावरचा आपला शब्द संपला. घेणारा त्याला औताला जुंपो नाहीतर दारात शोभेला बांधो, आपण बोलायचं नाही. खुंटीवर एक दावं काळं, रबरी आहे. ते नाथाच्या वाट्यात धरू नये. त्याचं पुढे येतंच.

४. शेजारी सुंदरराव यांनी लेकीच्या लग्नाला माझी कढई नेली होती. परत आली ती दुसऱ्याच कोणाचं नाव घातलेली. कढईवरचं नाव मला वाचता येत नाही, पण माझ्या कढईचा पोचा मी अंधारातही ओळखते. ती कढई त्यांना माफ. सुंदरराव साक्षीदार म्हणून इथेच बसले आहेत आणि हे ऐकताना कोर्टाच्या गेटाकडे बघत आहेत, हेही लिहावं.

५. आता कॉम्प्युटरचं. याच्यासाठीच एसटीत उभं राहून आले.

मोहिनी ही नाथाची मुलगी, माझी नात. तिची बारावी झाली तेव्हा मी माझी शेरडं विकून तिला कॉम्प्युटर घेतला. पावती माझ्या नावाची. पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडतं, तिथे तो मांडला. गावाचे पीक विम्याचे, सातबाराचे, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ती त्यावर भरायची. दर खंडेनवमीला कोयता-कुऱ्हाडीबरोबर मी त्याचीही पूजा करायचे आणि मेंढरांना लावतो तशी तांबडी काव त्याच्या कुशीला लावायचे. एक आडवी रेघ, खाली बोटाचा ठिपका. ही आमच्या कळपाची खूण. माझं अक्षर म्हणा.

मागच्या साली त्याच्या पडद्यावर कंपनीची नोटीस येऊ लागली. मोहिनीने वाचून दाखवलं ते असं: कंपनीची नवी प्रणाली या कॉम्प्युटरवर चालणार नाही. त्याचा प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही, आत सुरक्षेची एक चिप पाहिजे तीही नाही, आणि जुनी प्रणाली थोड्या महिन्यांनी वाऱ्यावर सोडली जाईल. मी विचारलं, आजारी पडला का गं? ती म्हणाली, "आजी, त्याला काय बी झालेलं न्हाई. कालच्यासारखंच चालतंय. त्यांनी नियम बदललाय."

जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात हे खरं, पण शहाणा माणूस नुसत्या दातांवर बैल नाकारत नाही, जुंपून बघतो. कंपनीने फक्त दात बघितले. मला तेव्हाच हसू यायला पाहिजे होतं. पण नोटीस छापील होती, आणि वाचता न येणाऱ्याला छापलेल्याचा लई धाक असतो.

मोहिनी धाकात बसली नाही. जुनी प्रणाली तशीच चालू ठेवली तर लोकांच्या आधार-बँकेच्या कागदांना धोका, हे तिला पटत होतं. म्हणून तिने सगळे कागद आधी बाजूला काढून ठेवले आणि मशीनवर दुसरीच प्रणाली घातली. जगभरच्या माणसांनी मिळून केलेली, फुकट वाटलेली, जुन्या मशीनवरही चालणारी. काय ठेवायचं, काय काढायचं, कधी बंद करायचं, सगळं वापरणाऱ्याच्या हातात. मशीन पहिल्यापेक्षा चपळ झालं. नोटिसा थांबल्या. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, पोरीने काहीतरी उपटून टाकलं.

६. मागच्या आखाडात विम्याची गर्दी होती. नाथाने बीडच्या एका दुकानातला माणूस बोलावला. त्याने मशीन बघितलं आणि दारातल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला की मूळची प्रणाली काढली आहे, ही दुसरीच आहे, अडचण येऊ शकते, नवीन मशीन घ्या. त्याला नवीन विकायचं होतं, तो त्याचा धंदा. 'चोरीचं' हा शब्द त्याने वापरला नव्हता. तो मी वापरला.

मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरात चोरीचं चालायचं न्हाई. त्यांनी बांधून दिलेलं सोडायचा तुला कोणी अधिकार दिला?"

मोहिनी खुर्चीवरून उठली नाही. म्हणाली, "आजी, फुकटाचं हाय, चोरीचं न्हाई. तू ताक विकतीस का?"

मला कळलं होतं. हे नीट लिही बद्रीनाथ, की मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या घरी दूध विकतात, ताक कधी विकलं नाही. ज्याने तांब्या पुढे केला त्याला घातलं. फुकट दिलेलं चोरीचं होत नाही हे मला शिकवायला शाळा लागत नव्हती. पण बाया हसल्या, आणि मला वाटलं माझ्यावर हसल्या. मग मी पावतीचा तोरा दाखवला. मशीन माझ्या नावावर हाय, म्हणाले, आत्ताच्या आत्ता दावणीवरून सोडा.

त्या माणसाने ते नव्याच्या बदल्यात उचललं. जाताना त्याने वायर मागितली. मी ती आधीच काढून घेतली होती. म्हणाले, दावं देत न्हाईत आमी. तो हसत गेला. तीच ती खुंटीवरची काळी वायर. एवढी रीत मला त्या वेळी आठवली. रीतीचा अर्थ आठवला नाही. कंपनीने जनावर विकलं होतं, पण दावं स्वतःच्या हातात ठेवलं होतं. घेणाऱ्याच्या घरच्या पोरीने ते सोडून आपलं बांधलं, ते तिच्या हक्काचं होतं. आणि साऱ्या जन्मात बाजारात ही रीत पाळलेल्या बाईने, चारचौघांत, तिला चोर ठरवलं.

माझा शब्द गावात फिरला. दोघी बायांनी चोरीच्या मशीनवर भरला म्हणून आपला विमा दुसरीकडे जाऊन पुन्हा भरला. मोहिनीने त्या आठवड्यातच कपडे भरले आणि बीड गाठलं. जुने कॉम्प्युटर नीट करायच्या एका दुकानात ती काम करते. आईला फोन करते. माझं विचारत नाही. सून म्हणते विचारते, पण माझी सून मनाने चांगली आहे, तिची साक्ष धरता येत नाही.

नवीन मशीन आलं. विम्याच्या शेवटच्या दिवशी त्याने स्वतःचंच काही काम काढलं आणि 'बंद करू नका' असं लिहून बसलं. दारात रांग, आणि नाथा त्याच्यापुढे हात जोडून उभा. देवळातही एवढा वेळ उभा राहत नाही. आता त्याच्यावर ओढणी टाकली आहे. ते बिघडलेलं नाही. फक्त आमचं ऐकत नाही.

पंधरवड्यामागे आमच्या अंगणवाडीच्या वनमालाबाई कोर्टात एका अर्जासाठी आल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, साखराबाई, बद्रीनाथ अर्जनवीसाच्या मशीनवर तुमच्या मेंढरांची खूण हाय. मोहिनीने ते भंगारातून उचललं, नीट केलं आणि बद्रीनाथला दिलं. हा मजकूर त्याच मशीनवर लिहिला जात आहे. मी हात लावून बघितलं. काव थोडी उडाली आहे, पण पुसलेली नाही. तिने सगळं मशीन धुऊन पुसून लख्ख केलं आणि तेवढी जागा सोडली.

इथे बद्रीनाथने मला पाणी दिलं. ते लिहायची गरज नव्हती, पण त्याने लिहिलं आहे.

७. माझ्या घराची पुढची खोली, रस्त्याकडच्या दारासह, विजेच्या मीटरसह आणि आतल्या टेबल-खुर्चीसह, माझी नात मोहिनी हिला द्यावी. नाथाला ती खताच्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे. त्याने तो विचार सोडावा. मात्र मोहिनीने बीड सोडून घरी परत यावं, याच खोलीत बसून गावाचं काम करावं, आणि खोली दुसऱ्या कशाला वापरू नये. तसं न केल्यास खोली नाथाकडे जाईल.

८. बद्रीनाथने वरचं कलम मला वाचून दाखवलं. ऐकताना मला ते फार चांगलं वाटलं. वाटलं, पोर आता येते. दुसऱ्या साक्षीदार वनमालाबाई पदर नीट करत बसल्या. सुंदरराव गेटाकडची मान वळवून म्हणाले, "वैनी, खोली दिली, पण दावं न्हाई सोडलं तुमी."

ज्याने कढई बदलून दिली त्याच्या तोंडून हे ऐकायचं माझ्या नशिबी होतं. मी डोळे मिटून घेतले. बद्रीनाथला वाटलं मला डुलकी लागली. डुलकी नव्हती. त्या दिवशी उंबऱ्यावर न कळून बोलले असते तर गोष्ट वेगळी होती. आज इतकं सगळं सांगून, दाव्याची रीत दुसऱ्यांना शिकवून, मी पुन्हा तेच केलं. कंपनी निदान परकी आहे.

म्हणून कलम सातमधली 'मात्र' या शब्दापासून पुढची सगळी अट मी रद्द करते. बद्रीनाथ ती मशीनमधून पुसायला निघाला होता. मी म्हणाले पुसू नको, खोडून ठेव. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे व मला मान्य आहे. खोली मोहिनीची. तिने तिथे यावं, न यावं, कुलूप लावावं, विकावं, खताच्या दुकानाला द्यावी. माझा शब्द त्या खोलीवर संपला.

९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात असं बद्रीनाथ म्हणतो. बाकीची कलमं तशीच वाचावीत. पण कलम पाच आणि सहा येत्या संकष्टीला, देवळातून बाया परतताना, त्याच पुढच्या खोलीच्या दारात वनमालाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवावीत. मी उंबऱ्यावर उभी राहणार आहे. ज्या दोघींनी पुन्हा विमा भरला त्यांना मुद्दाम बोलवावं. बद्रीनाथ म्हणाला, आजी, जिवंतपणी लाज कशाला काढून घेता? मेलेल्या बाईला लाज कशी वाटणार रे, मी म्हणाले. मोहिनीला त्या दिवशी बोलावून आणू नये. तिला माझी लाज बघायला यायची सक्ती नाही.

१०. या कागदाची व्यवस्था वनमालाबाईंनी पाहावी. त्यांना यातलं काहीही मिळत नाही, हे त्यांना मान्य आहे.

राहिली काळी वायर. ती मी पिशवीत घालून आणली आहे. तशी वायर कुठेही मिळते आणि या मशीनला दुसरी लागलेली दिसते आहे, म्हणजे तिची कोणाला गरज नाही. तरी ती मी या कागदाने देत नाही, हाताने देणार आहे. मोहिनीचं दुकान इथून हाकेवर आहे असं बद्रीनाथ सांगतो. मी विचारलं नव्हतं. अंगठा उठवून झाला की मी तिकडे जाणार. सुंदरराव म्हणतात सोबत येतो. नको म्हणाले. तिथे अंगठा चालायचा नाही, तोंडच उघडावं लागेल, आणि ते साक्षीदारांपुढे एकदा उघडून बघितलं आहे.

वरील सर्व मजकूर बद्रीनाथ यांनी मला खोडलेल्या ओळींसह सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. समजून, राजीखुशीने, दोन्ही साक्षीदारांसमोर मी डाव्या हाताचा अंगठा उठवते.

ठिकाण: बीड
दिनांक: २९ जानेवारी २०२६

साखराबाई भ्र. म्हाळू गडदे
(डाव्या हाताचा अंगठा, बाजूला कावेची आडवी रेघ व ठिपका तिने स्वतः काढला)

साक्षीदार:
१. सुंदरराव, रा. लिंबागणेश. सही. (कढई शोधून परत देईन.)
२. वनमाला, अंगणवाडी सेविका, रा. लिंबागणेश. सही. (त्या दिवशी दारात मीही होते. हसणाऱ्यांत मीही होते. आम्ही साखराबाईंवर हसलो नव्हतो, ताकाच्या बोलण्यावर हसलो होतो.)

लेखक: बद्रीनाथ, अर्जनवीस, बीड. वनमालाबाईंनी सहीखाली लिहिलेलं साखराबाईंना वाचून दाखवावं म्हणून हाक मारली, पण तोवर त्या वायर घेऊन रस्ता ओलांडून गेल्या होत्या.