मोहपाड्याच्या मंदिराचं आढं

१४ जाने. १९३४, रविवार
प्रार्थना मोहाच्या झाडाखालीच. वारा एवढा की ह्यांच्या हातातल्या शास्त्राची पानं आपोआप उलटत होती. उपदेश योहानाच्या शुभवर्तमानात सुरू झाला, संपला कुठे देव जाणे. मंडळी चार घरांची, पण आज कुंपणापाशी आणखी बरेच उभे होते.

प्रार्थना संपल्यावर कारभारी आला. तो आपल्यातला नाही, पण गाव त्याच्या शब्दावर चालतं. म्हणाला, "मास्तर, होळीनंतर मोह गळायला लागेल. बाया फुलं वेचतील की तुझं ऐकतील? तुझ्या देवाला घर बांध. ओढ्याकडची माझी पडीक जागा घे."

घरी येऊन हे दोनदा म्हणाले, "जागा दिली बघ त्यानं."

(इथे सगळ्यांना 'तू'. नगरहून आले तेव्हा पहिलं वर्ष राग यायचा. आता कोणी 'तुम्ही' म्हटलं की वाटतं, काही चुकलं का आपलं.)

२२ जाने.
मिशनचे साहेब (सा.) नवापूरहून घोड्यावर आले. जागा पाहिली, खूश. म्हणाले, मिशनकडे पैसे नाहीत, पण तुम्ही बांधा, मी आशीर्वाद द्यायला येईन. दोन अटी घातल्या. मजुरांना दारू नाही. मंदिरात ढोल नाही.

जात्र्या समोरच बसला होता. आपल्या मंडळीतला पहिला बाप्तिस्मा त्याचा, आणि त्याआधी पंचक्रोशीत त्याच्या ढोलाशिवाय लग्न लागत नसे. त्यानं सरळ विचारलं, "दारूचं समजलं. ढोलानं काय केलं?"

सा. म्हणाले, ढोल हे जुन्या देवांचे वाद्य आहे.

जात्र्या म्हणाला, "तो मी बनवला. देवांनी नाही."

सा. हसले, पण अट राहिली. जात्र्याचा ढोल त्याच्या घरात आढ्याला टांगलेला असतो. धूळ मात्र कधी दिसली नाही त्यावर.

६ फेब्रु.
कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. आज लिंपण. बायांनी पहाटेच माती मळायला घेतली, मीही हात घातले. कोपरापर्यंत शेण. हे पाहून गेले, आणि दुपारचा चहा ह्यांनीच केला. गोड फार.

लिंपताना बुधी गात होती. बुधी म्हणजे जात्र्याची मोठी बहीण, विधवा. लग्नात गाणं सांगायला हिलाच बोलावतात. बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण रविवारी पहिली येते. आधी मी लक्ष दिलं नाही. मग त्यांच्या बोलीतला एकेक शब्द लागला. गेल्या रविवारी ह्यांनी येशूनं दृष्टी दिलेल्या वाटेवरच्या आंधळ्याची गोष्ट सांगितली होती, तीच. बुधीनं त्या आंधळ्याला नवापूरच्या रस्त्यावर बसवलंय, बाजाराच्या दिवशी, कोंबड्या घेऊन जाणाऱ्या लोकांच्या पायात. तो ओरडतो, लोक म्हणतात गप्प बस, तो आणखी ओरडतो. सगळ्या बाया उत्तर देत होत्या.

पाच वर्षं आम्ही मराठी गीतं शिकवतोय. अजून गातो ते आम्ही दोघंच, बाकीचे ओठ हलवतात. आणि हे गाणं…

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ऐकलं मी. मग बराच वेळ काही वाचत नव्हते, नुसतं पुस्तक उघडं.

१८ फेब्रु., रविवार
दारासाठी नंदुरबारकडचा भिका सुतार आणलाय. प्रार्थनेला मागे बसून विडी ओढत होता. नंतर मला त्याच्या अहिराणीत म्हणतो, "बाई, आठे दार कसाले? तुमना देवले कोन चोरी लई जाई?" मी म्हटलं, देव कोणी चोरत नाही, शेळ्या आत येतात म्हणून दार. तर म्हणे, "येवू द्या ना. त्या तरी ऐकतीस." हे मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी.

२ मार्च
होळी झाली. ह्यांनी आधीच्या रविवारी सांगितलं होतं की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जाऊ नये. संध्याकाळी जात्र्या आमच्या ओट्यावर येऊन बसला. तिकडे मैदानात ढोल सुरू झाले. त्याची बोटं मांडीवर चालली होती. ह्यांनी पावसाळी लावणीबद्दल काहीतरी विषय काढला, भाताचं बी वगैरे. जात्र्या हो हो म्हणत होता. मग एकदम म्हणाला, "दुसरा ढोल मागं पडतोय," आणि उठून घरी गेला. मैदानाकडे नाही, घरीच. मला त्याचं फार वाईट वाटलं. ह्यांनाही.

४ मार्च, रविवार
प्रार्थनेला झाडून सगळे हजर. सगळ्यांचे डोळे होळीच्या जागरणानं जड. दुसऱ्या वचनाला निम्मी मंडळी पेंगली. ह्यांनी उपदेश आवरता घेतला आणि म्हणाले, "बाकीचं झोप झाल्यावर."

१३ मार्च
आज आढं, छपराची मधली तुळई, चढवायचं. जंगल खात्याच्या परवान्यानं आणलेलं सागाचं लाकूड, सरळ आणि अवजड. आपले आणि कारभाऱ्याचे मिळून सगळे गडी आले. दोर लावले. ओढतात, हातभर उचलतं, खाली येतं. एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. उन्हं वर आली. एकाचा पाय थोडक्यात वाचला.

कारभारी म्हणाला, "ढोल आणा. ढोलाशिवाय एवढं लाकूड कधी चढलंय?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. जात्र्या जमिनीकडे.

बुधी म्हणाली, "साहेब म्हणाला, मंदिरात ढोल नको. छप्पर नाही तोवर हे मंदिर कुठं? ही तर नुसती भिंत."

हे टोपी काढून उभे. घाम पुसला. मला वाटलं आता नाही म्हणतील, आणि नाही म्हटलं तर गडी घरी जातील, आणि मग पावसाआधी छप्पर कसलं. मग म्हणाले, "जात्र्या, आण."

तो चालत गेला, पळत आला.

ढोल वाजला आणि ते लाकूड उठलं. खरंच, माणसांचं वजन एक झाल्यासारखं. आढं बसलं तेव्हा बाया हसत होत्या, का कोण जाणे मीही. जात्र्यानं लगेच ढोल थांबवला. कोणी सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, रविवार
नवापूरला बातमी पोहोचली. सा. ईस्टरला येणार, "काही गोष्टींविषयी बोलणे आहे" असा निरोप. हे म्हणतात, फार तर बदली करतील. मी म्हटलं, करू देत. मग मी उगीच भांडी घासत बसले. या घराच्या चुलीचा धूर कोणत्या वाऱ्यात कुठे जातो ते मला आत्ता कुठे कळलंय.

३१ मार्च
छप्पर शाकारून झालं. बुधी आली. "उद्या माझ्यावर पाणी घालायला सांग. पण गाणं सोडणार नाही. चालत असेल तर घालू दे."

हे म्हणाले, मी साहेबांना विचारीन. ती म्हणाली, "विचार. मी इथंच आहे."

१ एप्रिल, ईस्टर
काय लिहू. घर भरलं, दारात लोक, कुडाबाहेर लोक. कारभारी खांबाला टेकून.

प्रार्थनेआधीच ह्यांनी सा.ना सांगितलं, ढोल माझ्या परवानगीनं वाजला. सा. म्हणाले, नंतर बोलू.

मराठी गीत झालं. सा. आणि आम्ही दोघं. मग बुधी उठली, कोणाला न विचारता, आणि आंधळ्याचं गाणं धरलं. पहिल्या ओळीला बायांनी उत्तर दिलं, दुसऱ्या ओळीला सगळं घर. तिसऱ्या ओळीला ढोल. मंदिरात नव्हता. जात्र्या बाहेर, कुडापासून चार हात दूर बसून वाजवत होता.

ह्यांची मान खाली. सा.नी विचारलं, "ह्या काय गात आहेत?" ह्यांनी कानात एकेक ओळ सांगितली. कोंबड्यांपाशी सा.नी पुन्हा विचारलं, "कोंबड्या?" हे म्हणाले, हो, बाजाराचा दिवस आहे.

गाणं संपल्यावर सा. बुधीकडे वळले. मग म्हणाले, "तो जिथे त्याला दृष्टी येते, तो भाग पुन्हा म्हणा."

बुधीचा बाप्तिस्मा झाला. आणखी दोन घरांचा. सा.नी बुधीला नवं नाव विचारलं. "बुधवारची जन्मले. बुधीच. तुझ्या देवानं बुधवार केला नाही का?"

जेवताना सा. म्हणाले, ढोलाचा विषय मी मिशनच्या समितीपुढे ठेवतो. तुमच्या बदलीचा विषयही निघाला आहे. पावसाआधी कळवू. ह्यांनी विचारलं, तोवर? "तोवर," म्हणाले, "तो बाहेर बसतो आहे, तसाच बसू दे." घोड्यावर बसताना पुन्हा उतरले आणि जात्र्याचा हात हातात घेतला. काय बोलले ते जात्र्या सांगत नाही.

९ एप्रिल
समितीचं काही कळलं नाही.

सकाळी घाटापलीकडून तिघं आले. अनोळखी. एक म्हातारा, दोन बाया, पायांवर धुळीचे मोजे. पाणी प्यायले, ओट्यावर बसले. म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं कोणी येत नाही. तू कधी येतोस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पावसानंतर आपण इथे असू की नसू, हेच त्यांच्या मनात. माझ्याही. मी म्हटलं, "येऊ. वाट दाखवायला माणूस पाठव."

म्हातारा म्हणाला, "माणूस कशाला? मी बसलोय ना. चल."

हे वहाणा शोधतायत. बुधी म्हणते तीही येणार. मी भाकरी बांधते आहे, पाच जणांच्या नाही, सहांच्या. मी कशाला मागे राहू.