नवव्या मजल्यावरून दिसणारा रस्ता

सर, तुम्हाला आयुष्यभर हवी होती तशी इमारत सांगलीत उभी राहिली आहे, आणि ती मी काढलेली आहे. मिरजेकडून येताना रस्ता वळतो तिथे दोन्ही टॉवर एकदम समोर येतात. प्रत्येक मजल्याची बाल्कनी खालच्यापेक्षा जराशी सरकवली आहे, त्यामुळे इमारत हळूच मान वळवून कुणाकडे तरी बघतेय असं वाटतं. लग्न ठरलेली पोरं तिथे फोटो काढायला येतात. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे चौथा मजलासुद्धा उंच समजत. मग पूर आले. घरात कृष्णेचं पाणी शिरलेलं पाहिलेली माणसं उंचावर जागा मागू लागली, आणि तुमच्या कल्पनांना हसणाऱ्यांचीच मुलं बिल्डर होऊन माझ्याकडे आली.

आपण एका बंगल्याच्या कामासाठी साताऱ्याला गेलो होतो तो दिवस आठवतो. काम आटोपल्यावर तुम्ही मला अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर नेलंत. खाली तुमचं गाव पसरलेलं. तिकडे बघत तुम्ही म्हणालात, "सगळं बसलेलं गाव आहे गं. कुणीतरी उभं राहायला पाहिजे." मी तेव्हा नुकती आर्किटेक्चर शिकून आलेली, ते वाक्य मला किती मोठं वाटलं! सांगलीत तुमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आपलं ऑफिस होतं. मी एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र काढताना इमारतीच्या पायथ्याशी माणसं काढायचे. पिशवी घेतलेली बाई, सायकलवाला, पाटी घेऊन बसलेली भाजीवाली. एकदा गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही तो कागद वर धरलात. "इमारत काढ. जत्रा नको." मी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले. काकू शेंगदाणे भाजत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना घर काढता येतं, पण घरात माणसं जेवायला येतात हे आठवत नाही. चहा घे." दुसऱ्या दिवशी तुमची स्वतःची पेनं, ज्यांना तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात, माझ्या टेबलावर होती.

काकू आता मी काढलेल्या त्या टॉवरपैकी एकात राहतात. दुसऱ्या पुरानंतर तुमच्या मुलानं परदेशातून फ्लॅट घेतला, नवव्या मजल्यावर. पहिल्या दिवशी त्या बाल्कनीत उभ्या राहून म्हणाल्या, "ते असते तर खालीच उतरले नसते." त्या मात्र रोज उतरायच्या. रस्त्यापलीकडे आटपाडीकडची एक बाई भाजी घेऊन बसते. तिच्याशी बोलल्याशिवाय काकूंची सकाळ होत नसे.

त्या रस्त्याबद्दलच तुम्हाला सांगायचं आहे. माझ्या नकाशात टॉवरपुढे रुंद फुटपाथ होता, झाडं होती आणि फाटकासमोरून थेट भाजीवाल्यांपर्यंत रस्ता ओलांडायला थोडा उंच केलेला पट्टा होता. काम सुरू झाल्यावर फुटपाथ बेसमेंटमध्ये उतरणाऱ्या गाड्यांना गेला. उरलेल्या जागेवर कंपाउंडची भिंत आली. रस्ता रुंद झाला, मधोमध दुभाजक आणि त्यावर लोखंडी जाळी. पलीकडे जायचं तर पार चौकापर्यंत चालत जाऊन परत यायचं. मी भांडले. बिल्डर हसून म्हणाला, "मॅडम, इथं चालत कोण जाणार? सगळ्यांकडे गाड्या आहेत."

लोकांनी जाळीचा एक तुकडा वाकवून वाट केली. काकू तिथूनच जायच्या. एका सकाळी त्या जाळीतून पलीकडे पाय टाकतात तोच मोटारसायकलचा धक्का लागला. भाजीवालीनंच रिक्षा थांबवली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मिरजेला दवाखान्यात नेलं आणि त्यांच्या फोनवरून मला कळवलं. मी पोचले तेव्हा ती दारात उभी होती. "लय रगत न्हाई गेलं, पर मांडीचं हाड मोडलंय म्हनत्यात. आवं बाई, एवढी मोठी बिल्डिंग बांधली, आन् म्हाताऱ्या मानसाला रस्ता वलांडायला जागा ठिवली न्हाई व्हय?" इमारत कुणी काढली हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. आत काकू शुद्धीवर होत्या. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसता माझा हात धरला, आणि ते मला जास्त लागलं.

पुढच्या टप्प्याच्या बैठकीत मी सांगितलं, आधी भिंत मागे घ्या आणि रस्ता ओलांडायची सोय करा, तरच मी तिसरा टॉवर काढीन. बिल्डर या वेळी हसला नाही. तिसरा टॉवर आता पुण्याचं कुणीतरी काढतंय, माझ्याच बाल्कन्या थोड्या फिरवून. भिंत आहे तिथेच आहे. पण टॉवरमधल्या बायका एका सकाळी खाली उतरून रस्त्यात उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यात होते. दोन्हीकडून हॉर्न वाजत होते, कुणी शिव्या देत होतं. शेवटी महानगरपालिकेचे साहेब आले. पुढे महिन्याभरात दुभाजक फोडला, पांढरे पट्टे ओढले, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून उंचवटा घातला. झालं ते एवढंच, पण झालं.

काकू मात्र आता खाली येत नाहीत. वॉकर आहे, लिफ्ट आहे, मी धरायला आहे. "चला, फक्त फाटकापर्यंत," म्हटलं तरी मान हलवतात. "नको गं. जाळी दिसली की पाय पुढे पडत नाही." भाजीवाली वर यायला निघाली, तर वॉचमननं तिला फाटकातून परत पाठवलं. मी सोसायटीत बोलले आहे. नियम बदलू म्हणतात. तोवर ती पलीकडून हात करते. मी काकूंना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठली गं? वरून सगळी सारखीच दिसतात."

हे सगळं लिहून काकूंना वाचून दाखवावं, असं मनात होतं. तुमच्याशी बोलायला त्यांनाही बरं वाटलं असतं. पण नाही दाखवणार. कारण खरं लिहायचं तर हेही लिहावं लागतं, की परवा संध्याकाळी मिरजेहून येताना मी त्या वळणावर गाडी थांबवली. काचांवर ऊन उतरलं होतं. आणि सर, मला ती इमारत फार सुंदर वाटली.