कलम पाचवे आजपासून लागू

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते.

१. राहतं घर माझ्यामागे आमच्या ह्यांना, त्यांच्यानंतर मुलीला. भांडीकुंडी वाटताना उगाच तोंडं वाकडी करू नयेत.

२. पॉलिशचं यंत्र, भट्टी आणि साचे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या ठमाबाईला. त्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती कालपासून फुगून बसली आहे. दातांच्या रंगांची पट्टी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना. जन्मभर "रंग चुकला" म्हणून कवळ्या परत पाठवल्या. आता स्वतःच ठरवा म्हणावं.

३. बँकेतल्या ठेवी मुलीला. त्या गुंतवल्या जावईबापूंनी, आणि चोख गुंतवल्या. फक्त दर वेळी म्हणायचे, "आई, अजून दोन वर्षं कळ काढा, मग निवांत बसून खा." मी कळ काढत राहिले. आता बसलं तर उठवत नाही.

४. गच्चीचं छोटं घर आम्ही दोघांनी म्हातारपणासाठी घेतलं. कर्ज फिटेपर्यंत भाड्याने दिलं, नंतर सवयीने. हे दर महिन्याला भाडं आणायला जातात, भाडेकरूच्या परवानगीने तासभर गच्चीत बसतात आणि वारा कसा होता ते मला येऊन सांगतात. भाडेकरू पुढच्या महिन्यात जात आहेत. ते घर पुन्हा भाड्याने देऊ नये.

५. माझं काम आजपासून बंद. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

मी म्हटलं, "मेल्यावर काम बंद होणारच आहे, त्याला कागद कशाला? लिहा."

फार दमले आहे मी. व्याज थोडं कमी आलं तर कमीत भागवू.

आज सकाळी घरी ह्यांना मसुदा वाचून दाखवला. हे म्हणाले, "म्हणजे उद्या दुपारी तू जेवायला घरी?"

"हो."

"मग दोघांचा भात लावतो."

मला रडू आलं. हे वाक्य वकिलांनी खोडायला सांगितलं. मी खोडलेलं नाही.

साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले (सही) २. आमचे घरचे डॉक्टर (सही)

लिहून देणार: कवळीवाल्या बाई (सही)

ठिकाण: दुकान, कुलूप लावण्याआधी
तारीख: कामाचा शेवटचा दिवस