कामिनीच्या नावाची मूठ

कामिनी,

उठलीस की आधी पोळी खा. पेन हातात धरूनच टेबलावर झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी धुळ्याला तुझ्या भावाकडे, हेमराजकडे चालले.

तुझा फोन मीच उचलला. पुस्तकवाल्याला हत्ती निळा पाहिजे म्हणे. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे काळेच असतात. दोंडाईच्याच्या लग्नवाल्यांना पत्रिकेचं चित्र आजच हवंय. बालवाडीची भिंतही अर्धीच रंगवून झालीय. बठ्ठी कामं एकदम घेतेस, आरशात तोंड बघतेस का कधी?

काल हेमराज फोनवर म्हणाला, यंदा कानबाईच्या प्रसादाचे रोट धुळ्यालाच करू. का, तर अक्का सासर सोडून आली तरी तिचं कूळ बदललंय, तिला आपला रोट चालत नाही. मी फोन ठेवून दिला. तू समोरच कानबाईच्या नथीत मोती रंगवत होतीस.

देवीचं तोंड दरवर्षी तू रंगवायचं आणि रोटाला तूच परकी? हे त्याच्या तोंडावर विचारते. पण तो हट्टी आहे, माझ्यावरच गेलाय.

रोटाचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. यंदा मी तुझ्याही नावाची मूठ घातली. डबा कोठीत आहे, हात लावू नको. रविवारी रोट इथेच होतील. हेमराज आला तर ठीक. नाही आला, तर त्याच्या नावाचाही रोट आपण दोघी खाऊ.

नथ तेवढी पुरी कर.

माय