उत्तम शुक्रवारची पेज

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू जिवंत असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तो धाक उरलेला नाही. तरी मन जागेवर नाही. ईस्टरआधी लेंटचे उपास सुरू झाले की दर वर्षी माझं असंच होतं. या खोलीतून त्या खोलीत फिरते, डबे उघडते, पुन्हा लावते, देवळात गेले तर प्रार्थना अर्धी टाकून खिडकीबाहेर बघत बसते. शेजारीण म्हणते, वयामुळे होतं. वयामुळे नाही. मी वीस वर्षांची असताना कर्जतला पटकी आली, त्या उन्हाळ्यापासून होतं.

तेव्हा आपण देवळाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होते, ते मी लहान असतानाच गेले, आणि पाद्रीसाहेबांनी तुला देवळाची झाडलोट, वेदीची कापडं धुणं आणि घंटा वाजवणं ही कामं दिली. देवळाची किल्ली तुझ्या कमरेला असायची आणि तू चाललीस की लुगड्याआड वाजायची. मी आपल्याच शाळेत बालवर्गाला शिकवत होते. राखेच्या बुधवारी, आदल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागली की आपल्या घराचा वासच बदलायचा. सुकट बंद, फोडणी बंद, दिवस मावळल्यावर एकदाच जेवण. भाताला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ मडक्यात, गरिबांसाठी. आणि तोंडाचा उपास वेगळा. त्या दिवसांत तू कोंबड्यांनासुद्धा शिव्या देत नव्हतीस. उत्तम शुक्रवारी तर तू सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसायचीस. दुपारी देवळात तारणाऱ्याची क्रुसावरची सात वाक्यं होऊन, तीन वाजता सगळे गुपचूप घरी परतले, तरी तू पाणी प्यायचीस ती दिवेलागणीला.

आपल्या भिंतीला भिंत लागून टांगेवाल्याचं घर. त्याच्या बायकोला मी खाला म्हणायची. त्या वर्षी तिचा रमजान आणि आपला लेंट एकत्रच आला होता. विहिरीवर तुम्ही दोघी भेटायचात ते मला आत्ताही दिसतं. दोघींचे ओठ सुकलेले, दोघी कळशीला टेकून उभ्या. खाला म्हणते, "तुजं बरं हाय गं, तुला पानी तरी चालतं." तू म्हणतेस, "आनि तुजं म्हयन्यात सुटतं. आमचं चाळीस दिस." मग दोघी हसता. आदल्या साली खालाचं एकुलतं पोर तापानं गेलं होतं. त्यानंतर ती हसते ती फक्त तुझ्यापाशी, हे माझ्या लक्षात आलं होतं.

त्या वर्षी भिवपुरीच्या बाजूला रुळांलगत विजेच्या खांबांसाठी खड्डे खणायचं काम चालू होतं. घाटावरून आलेले मजूर आणि डोंगरातल्या वाडीवरचे कातकरी तिथे झोपड्या करून राहिले होते. नदी आटून डबकी उरली होती, तेच पाणी सगळ्यांना. आधी झोपड्यांत माणसं पडू लागली, मग आसपासच्या गावांत. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, विहिरींत लाल औषध टाकलं, शाळा बंद केली आणि तिच्या देवळासमोरच्या पडवीत आजारी माणसं आणायचं ठरवलं. पेज आणि मीठ-पाणी घोट घोट देत राहा, बाकी माझ्याकडे फार काही नाही, असं ते सरळ बोलले. तू कुणाला न विचारता लेंटच्या तांदळाचं मडकं उचलून पडवीत आणून ठेवलंस. देवळाच्या पंचमंडळींना ते रुचलं नाही. ईस्टरला मंडळीतल्या गरिबांना वाटायचा तांदूळ असा बाहेरच्यांना कसा, असं एकजण म्हणाला. तू म्हणालीस, "ईस्टरपतुर ही मानसं थांबतील का, इचारून बघा त्यांना."

खाला पहिल्याच दिवशी पदर खोचून आली. तुम्ही दोघी उपाशी, त्यामुळे पेजेला मीठ किती झालं ते दोघींना कळायचं नाही. चव घ्यायला मला बोलवायचात. आणि पेज तयार झाली तरी सगळे पीत कुठे होते? गावातली कुणबी माणसं आपल्या हातचं घेईनात. त्यांच्यासाठी त्यांच्यातलीच एक बाई आपलं पातेलं घेऊन आली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला तिनं चूल मांडली. आमच्या भांड्याला ती शिवत नव्हती, पण आमची लाकडं संपली की तिच्याच घरून मोळी यायची. मला त्याचा राग यायचा. तू म्हणायचीस, "पोरी, लाकडाला जात लावली नाय तिनं, तेवढं धर." मला तेवढं धरता यायचं नाही. अजून येत नाही.

आता तो शुक्रवार. हे लिहिताना मी उठून अंगणात जाऊन आले. दुपार होती. सगळी मंडळी देवळात होती, गीताचा आवाज पडवीपर्यंत येत होता. आयुष्यात पहिल्यांदा तू त्या वेळी देवळात नव्हतीस, कारण पडवीत माणसं पडलेली होती. खालाला सकाळपासून जुलाब होत होते आणि तिनं ते आपल्याला कळू दिलं नव्हतं. घागर उचलता उचलता ती खाली बसली आणि मग आडवीच झाली. तिचा नवरा टांगा घेऊन खालापूरला गेला होता. आपण दोघींनी तिला चटईवर घेतलं. बोटांची टोकं सुरकुतलेली, डोळे आत गेलेले. असे डोळे आपण त्या दिवसांत पुष्कळ बघितले होते, त्यामुळे एकमेकींना काही सांगावं लागलं नाही. तू वाटी तिच्या तोंडाशी नेलीस. तिनं दात आवळले.

"दिस बुडंल तवा," ती म्हणाली.

"दिस बुडस्तोवर तू ऱ्हात नाईस," तू म्हणालीस. "आजाऱ्याला सूट हाय तुमच्यात. तूच मला सांगितलंस."

"हाय सूट. मला नको. माज्या पोराच्या नावानं धरलाय म्हयना. एक बी मोडला नाय."

तू तिला समजावलंस, मग रागावलीस, मग हात जोडलेस. ती डोळे मिटून पडून राहिली. तू एकदा देवळाकडे बघितलंस. दार उघडं होतं, आत जांभळ्या कापडात झाकलेला क्रूस दिसत होता. मग तू वाटी स्वतःच्या तोंडाला लावलीस आणि पेज प्यालीस. घटाघटा नाही, सावकाश, तिला आवाज ऐकू जाईल अशी. तिनं डोळे उघडले.

"बघ," तू म्हणालीस. "माजा मोडला. तुज्या म्होरं मोडला. आता तू एकटी धरून माज्यापरीस मोठी व्हनार हायस का?"

खाला तुझ्याकडे बघत राहिली. तिच्या अंगात रडायचंही पाणी नव्हतं. मग तिनं तोंड उघडलं. तू अंधार पडेपर्यंत तिच्या उशाशी बसून चमच्या चमच्यानं पाजत राहिलीस, आणि ती जगली.

पण देवळाच्या पायरीवर एक पंच उभा होता, त्यानं बघितलं होतं. शनिवारी त्यांनी तुला बोलावलं. मी तुझ्या मागे दारात उभी होते. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या घटकेला, देवळासमोर तू खाल्लंस हे खरं का, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "खरं हाय. पेज व्हती. मीठ वाईच जास्त झालं व्हतं." चुकले एवढं म्हण, मिटवून टाकू, असं एकजण हळूच म्हणाला. तू मान हलवून नाही म्हणालीस. पाद्रीसाहेब मधे पडले नाहीत. तेव्हा पंचांनी किल्ली मागितली आणि तू कमरेची सोडून मेजावर ठेवलीस. ईस्टरच्या पहाटे घंटा दुसऱ्यानंच वाजवली. त्याला ताल नव्हता, वेड्यासारखी बडवत होता. तू खालाच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होतीस. मी म्हटलं, देवळात चल. तू म्हणालीस, "तू जा. हिचं पानी ऱ्हायलंय." मी गेले, पण काय उपदेश झाला ते मला सांगता येणार नाही.

नंतरच्या आठवड्यात रोग ओसरला. पाद्रीसाहेब स्वतः किल्ली घेऊन आपल्या दारात आले. त्यांनी पायातलं काढलं आणि म्हणाले, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं." तू त्यांना बसायला पाट दिलास. म्हणालीस, "किल्ली ऱ्हाऊ द्या हितंच. पन येक करा सायब. हे मेले ते कुनाकुनाचे व्हते, आपल्याला ठावं नाय. समद्यांनी मिळून त्यांच्यासाठी येकदा हुबं ऱ्हावा." ते म्हणाले, "मला वरून विचारणा होईल." तू म्हणालीस, "मला बी झाली."

आणि पाद्रीसाहेब खरंच उभे राहिले. ईद दोन दिवसांवर होती. नदीकाठी करंजाच्या झाडाखाली पाद्रीसाहेब, मशिदीचे मौलवी आणि महादेवाचा गुरव, तिघे आले. आधी कुणी बोलायचं यावरच इतका वेळ गेला की माणसं पांगायला लागली. शेवटी मौलवी म्हणाले, पाद्रीसाहेब वयानं मोठे आहेत, त्यांनी बोलावं. एकेक जण आपापल्या शब्दांत बोलला. पडवीत चूल मांडलेली ती कुणबीणही लांब उभी होती. कातकरी त्याहून लांब, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तू उठून तिकडे गेलीस आणि मुलगा गेलेल्या एका म्हातारीचा हात धरून तिला झाडाखाली आणलंस. "तुजं बी बोल गं," तू म्हणालीस. तिला प्रार्थना वगैरे काही येत नव्हती. तिनं फक्त मुलाचं नाव घेतलं, आणि पुन्हा घेतलं, आणि घेतच राहिली, लांब गेलेल्या माणसाला हाक मारावी तसं. मौलवींनी हात वर धरले होते ते तसेच राहिले. सगळ्यांत शेवटी बायकांनीच तिला खाली बसवलं.

ईद झाल्यावर, अंगात जरा ताकद आल्यावर, खालानं चुकलेले रोजे भरून काढले. ती तुला म्हणाली, "आमच्यात फेड हाय. तुमच्यात?" तू म्हणालीस, "नाय." "मग तुजा येक बी मीच धरते," ती म्हणाली, आणि खरंच एक दिवस जास्त धरला. संध्याकाळी तू तिच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेलीस. तू पुढे पाच-सहा वर्षं जगलीस, लेंट पहिल्यासारखाच पाळलास, पण त्या शुक्रवारचं तुला दुःख होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. दोनदा विचारलं. एकदा तू म्हणालीस, दळण संपलंय. दुसऱ्यांदा ऐकूच आलं नाही असं केलंस.

हा कागद मी घडी करून चुलीपाशी ठेवणार आहे, सकाळी पेटवायला होईल. म्हणून आता उरलेलं लिहिते. आठ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता, तोही लेंटमध्येच. तू माझ्यासाठी उपास वाढवलास, पाणीसुद्धा सोडलंस, भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचीस. मला कुणीतरी साबुदाण्याची पेज भरवायचं आणि मी म्हणायची, आये, तू पण खा ना. तू म्हणायचीस, "माजा उपास तुज्यासाठीच हाय गं." मी बरी झाले. तुझ्या उपासानेच झाले असं सगळे म्हणतात, असेलही. पण त्या पडवीत, खाला मरणाच्या दारात असताना, हातात पळी धरून उभ्या असलेल्या माझ्या मनात एकच आलं, की माझ्यासोबत तू एक घास जेवली नव्हतीस. तू गेल्यावर मी खालाकडे दर शुक्रवारी जायची, ती थकेपर्यंत, ती जाईपर्यंत. तिला वाटायचं, मायेनं येते. माया होतीच, आये. पण मी तिच्यासमोर बसून तिचं तोंड न्याहाळायची, की जिच्यासाठी तू जेवलीस ती बाई आहे तरी कशी.