मचूळ पाण्यावरचे ॲस्टर

३ मार्च, सकाळी ९
रोपवाटिकेची विहीर तळाला गेलीय, पाणी मचूळ झालंय. मालकांनी विचारलं, ॲस्टरचं बी यावर उगवेल का? दहा दिवसांत सांगतो म्हणालो. तीन बश्या, प्रत्येकीत टिपकागदावर पन्नास बिया. पहिलीला गोडं पाणी, दुसरीला विहिरीचं, तिसरीला विहिरीचंच पण निम्मं गोडं मिसळून. रोज नऊला मोजणी. एकही दिवस चुकवायचा नाही.

७ मार्च
तीन दिवस चुकले. बियांना कुठे कळतंय. गोड्या पाण्यात एकेचाळीस कोंब. बाकी दोन्हींत शून्य. बी लाजतंय.

१० मार्च
विहिरीच्या बशीत सहा कोंब. माळीकाकांना बोलावून दाखवले. त्यातले पाच बुरशी आहेत म्हणाले. एकोणीस वर्षं उन्हात काम केल्यावर डोळ्यांचं असं होणारच.

११ मार्च
बश्या फारच सुकलेल्या दिसल्या. गोडं पाणी शिंपडलं, थोडंसंच. याला प्रयोग बिघडवणं म्हणत नाहीत, माणुसकी म्हणतात.

१३ मार्च, दुपारी
विहिरीच्या बशीत तेवीस कोंब. रिपोर्टमध्ये 'उत्साहवर्धक' लिहिलं. शिंपडल्याचं लिहिलं नाही, रिपोर्ट उगाच लांबतो. माळीकाका हळूच म्हणाले, बशीतलं वेगळं. वाफ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. आधी एकच वाफा पेरून बघू. मी त्यांना सायन्स समजावलं. ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. मालकांनी रिपोर्ट वाचला आणि शिल्लक होतं तेवढं सगळं बी आठही वाफ्यांत पेरायला लावलं.

२५ मार्च
वाफ्यांवर पांढरा पोपडा. उकरून पाहिलं, बी जसंच्या तसं, टणक. तिसऱ्या वाफ्यात चार कोंब आले होते, करपले. पण चार म्हणजे शून्य नव्हे.

२७ मार्च
मालकांनी विचारलं, चूक कुणाची? मी कुणाचंही नाव घेतलं नाही. पाणी वेळच्या वेळी पडलं नसावं, एवढंच म्हणालो. पाणी एकच माणूस घालतो. पण ते मालकांना माहीतच आहे, मी सांगितलं असं होत नाही.

२८ मार्च, संध्याकाळी ५
मालकांनी माळीकाकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. किल्ली द्यायला लॅबमध्ये आले. बसा म्हटलं तरी उभेच.
"तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, असं मालक म्हणाले. बरं वाटलं, साहेब."
चहा घेता का विचारलं. नको म्हणाले.
सोमवारी मालकांना सगळं खरं सांगणार. शिंपडल्याचंसुद्धा. नक्की.

३० मार्च, सोमवार
मालक आज आले नव्हते.
आले होते. मी गेलो नाही.