एक तांदूळ, एक अंगठा आणि चाळीस मायक्रॉन यांबाबत उत्तमराव दारकुंडे यांचे मृत्युपत्र

मी, उत्तमराव गंगाधर दारकुंडे, वय ५४ वर्षे ३ महिने, मूळचा सोनईचा, हल्ली मुक्काम नागापूर, धंदा टर्निंग, शिक्षण सातवी पास व पुढचे सर्व स्वतःचे स्वतः, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी ‘नॉर्मल’ एवढेच लिहिले आहे. किती नॉर्मल, ते मोजून दिलेले नाही, याची नोंद घ्यावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरचे म्हणतात, आत्ताच कशाला.

गेल्या मंगळवारी लेथवर उभा असताना छातीत कळ आली. चार मिनिटे टिकली. डॉक्टर म्हणाले, गॅस. पण त्या चार मिनिटांत मला घर, शेत, देव काही आठवले नाही. फक्त सहादेव आठवला. म्हणून हा कागद.

कलम १. राहते घर पत्नी सौ. जयमाला हिचे. स्वयंपाकाचा ओटा मी तिच्या कोपराची उंची घेऊन ८१.५ सेंटिमीटरला बसवला आहे. सून आल्यावर तो उंच करू नये. सुनेने दुसरा बांधून घ्यावा. सोनईची वीस गुंठे जमीन कन्या दीपा हिची.

कलम २. तिरडी. आमच्याकडे तिरडी अंदाजाने बांधतात व पाय बाहेर येतात. चुलत्यांचे आले होते. माझी उंची १६७.४ आहे. बांबू २१० चे घ्यावेत. दहा जास्त चालतील, एक कमी चालणार नाही. जयमाला हे वाचून म्हणाली, “अहो, मेल्यावर तरी लोकांना चुका करू द्या.” नोंद घेतली. कलम कायम.

कलम ३. हत्यारे. टूलांची पेटी, व्हर्निअर व डायल चिरंजीव योगेश यास. माझा मायक्रोमीटर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचे हत्यार, मात्र कोणी वापरू नये. काचेच्या पेटीत घालून वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा. १९८९ साली माझे मेहुणे आसाराम यांनी त्यात धरून सुपारी फोडली होती. तो मी कोणाच्याही मदतीशिवाय खोलून दुरुस्त केला, व आज तो नव्याहून अचूक आहे. आसाराम यांना माझ्या मिळकतीतून एक अडकित्ता द्यावा.

कलम ४. जयमाला इंजिनिअरिंग वर्क्स, नागापूर एमआयडीसी. येथे एक जुनी पंजाबी लेथ आहे, जिच्यावर सहादेव कानिफनाथ खेडकर, मूळ पाथर्डी, याने बावीस वर्षे काम केले. आई-बापामागे ऊसतोडीला जायचे नाही म्हणून कोयता टाकून तो माझ्याकडे आला होता. त्याला मोजायला हत्यार लागत नाही. तयार तुकडा अंगठा आणि बोट यांत धरून फिरवतो आणि माप सांगतो. त्याने खडूने टिक केल्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नसे.

दुसरी लेथ कॉम्प्युटरवर चालणारी, सीएनसी. ती १९९७ च्या जूनमध्ये योगेशच्या हट्टाने व माझ्या हौसेने आली. हट्ट व हौस यांचे प्रमाण निम्मे-निम्मे धरावे. हे यंत्र यायला नको होते, असे माझे म्हणणे नाही. सहादेवला दिवस लागे ते काम ती तासात करते. पुस्तक इंग्रजीत होते, मी डिक्शनरी घेऊन एकोणीस दिवसांत संपवले.

कलम ५. हे कलम मी मेल्यावर सर्वांनी वाचावे. जे घडले ते असे.

गेल्या वर्षी खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे सर्व हत्यारे खोलून, धुऊन पुजली. जुन्या लेथला हळदकुंकू चकवर, म्हणजे तुकडा धरणाऱ्या जबड्यावर, लावतात हे ठरलेले आहे. कॉम्प्युटरच्या यंत्राचे कपाळ कुठले? पुस्तकात दिलेले नाही. मी विचार केला की जिथे टूल, म्हणजे कापणारे पाते, बसते तीच कामाची जागा. टूल काढलेलेच होते. तिथे मी ओले कुंकू लावून पाच अक्षता ठेवल्या. दसऱ्याला टूल मीच परत बसवले. चार अक्षता उचलल्या.

दोन दिवसांनी पुण्याच्या कंपनीचे बुश, म्हणजे पोकळ गोल तुकडे, काढायला घेतले. बाहेरचे माप तीस मिलिमीटर. सहादेव पाणी प्यायला जाता जाता थांबला, एक बुश उचलून फिरवला.

“दादा, ह्यो जाड हाय.”

योगेश म्हणाला, “काका, पडदा बघा ना. तीस पूर्णांक शून्य शून्य.”

“पडदा तुजा. अंगठा माजा. जाड हाय.”

योगेशने माझ्याकडे पाहिले. आठ कामगारांनी पाहिले. मी मोजायला हवे होते. मी बोललो ते हे: “सहादेव, एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरपेक्षा तुझा अंगठा शहाणा का?”

त्याने खडूचा तुकडा खिशातून काढला, लेथच्या बेडवर ठेवला आणि निघाला. फाटकात राहीबाईच्या टपरीवर त्याचा चहा तयार होता, तोही घेतला नाही.

सहाशे बारा बुश पुण्याहून परत आले. मी माझ्या मायक्रोमीटरने मोजले: चाळीस मायक्रॉन जास्त. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे नातेवाइकांसाठी.) पडदा खोटे बोलत नव्हता. त्याला जे सांगितले तेच तो म्हणत होता. टूलाखाली तांदूळ आहे व ते तेवढे मागे सरले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी टूल खोलले. पाचवी अक्षता तिथे होती, लाल, चुरडलेली. ती मी चुन्याच्या डबीत ठेवली आणि कंपनीच्या इंजिनिअरला सांगितले की आमचा एक माणूस रागाने गेला, जाता जाता त्याने टूलला धक्का मारला असावा.

हे खोटे आहे. हे मी केले. अकरा महिने डबी माझ्या खिशात आहे.

कलम ६. सीएनसी, जागा व फर्मचा बारा आणे हिस्सा योगेशचा. जुनी लेथ व चार आणे हिस्सा सहादेवचा. प्रत्येक लॉटचा पहिला व शेवटचा तुकडा सहादेवच्या अंगठ्याखालून जाईल. त्याने जाड म्हटले तर यंत्र बंद होईल, मग पडद्यावर काहीही असो. योगेशने सहा महिने अंगठा शिकावा. सहादेवने सहा महिने बटणे शिकावीत; एका बोटाने दाबली तरी चालेल.

येथवर शुक्रवारी लिहिले. पुढचे शनिवारचे व रविवारचे आहे.

साक्षीदार म्हणून मला सहादेवच हवा होता. मजकूर न वाचताही साक्षीदार सही करू शकतो, असे वकील राधाकृष्ण चोभे यांनी सांगितले होते. त्यावर मी भिस्त ठेवली. एसटीने पाथर्डीला गेलो. सहादेव स्टँडच्या मागे बसतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी कोयत्यांना चाकावर धार लावून देतो. जो कोयता टाकून आला, त्याच्या पुढ्यात चाळीस कोयते होते.

मी कागद दुमडून फक्त सहीची जागा पुढे केली. म्हणालो, “इथं तेवढी सही कर.”

“काय हाय?”

“मृत्युपत्र.”

“कुनाचं?”

“माझं.”

“मंग वाचा की. न तपासता म्या कवा माल पुढं धाडलाय?”

वाचावे लागले. उभ्याने, रस्त्यात, कलम एकपासून. तिरडीला तो हसला. पाचव्या कलमाला चाक थांबवले. कोयतेवाले गोळा झाले होते, त्यातला एक म्हणाला, “म्हंजी देवानंच घात केला म्हना.” सहादेव म्हणाला, “देव कशाला? दादानं केला.” आणि माझ्याकडे हात केला, “आनलाय का त्यो बुश?”

होता. वर्षभर कागदावर वजन म्हणून ठेवतो. त्याने तेल पुसले, दोनदा फिरवला, डोळे मिटून.

“चाळीस न्हाई, दादा. अडतीस.”

मी म्हणालो, चाळीस. माझ्या मायक्रोमीटरने तीनदा मोजलेले आहे.

“अडतीस. आन ह्ये मेल्यावर वाचायचं कशापायी? तवा तुमी बरं सुटाल. आठ मान्सांम्होरं बोलला व्हता, आठ मान्सांम्होरं वाचा. तवा यीन.”

कलम ७. त्यानुसार हे मृत्युपत्र माझ्या हयातीत, येत्या खंडेनवमीला, म्हणजे बुधवारी, सर्व कामगारांसमोर सीएनसीच्या शेजारी उभे राहून मी स्वतः वाचीन. वकील म्हणाले, “दारकुंडे, मृत्युपत्र जिवंतपणी वाचत नसतात.” मी म्हणालो, मग याला दुसरे नाव द्या. ते अजून सुचवतायत. यंत्राची पूजा यापुढे चार फुटांवरून होईल व अक्षता मोजून टाकल्या जातील, मोजून उचलल्या जातील.

दुरुस्ती. रविवारी सकाळी योगेशच्या नव्या डिजिटल मायक्रोमीटरने तोच बुश तीनदा मोजला. ०.०३८, ०.०३८, ०.०३८. माझा मायक्रोमीटर १९८९ पासून दोन मायक्रॉन जास्त दाखवतो आहे. वर जिथे जिथे चाळीस मायक्रॉन आले आहे, मथळ्यासकट, तिथे अडतीस वाचावे. कोयते चाळीसच होते. काचेची पेटी रद्द. मायक्रोमीटर आसाराम यांना द्यावा, सुपारीसाठी. अडकित्त्याची गरज नाही.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले व दोघांदेखत सही केली. सहादेवला हिस्सा असल्याने तो साक्षीदार चालणार नाही, असे वकील आता सांगतात. म्हणून त्याच्यासाठी शेवटी वेगळा रकाना आखला आहे; बुधवारी वाचून झाल्यावर तो भरेल.

सही: उत्तमराव गंगाधर दारकुंडे
साक्षीदार १: राधाकृष्ण चोभे, वकील
साक्षीदार २: राहीबाई, चहाची टपरी, वर्कशॉपसमोर (अंगठा)
ठिकाण: नागापूर, अहमदनगर. दिनांक २७ सप्टेंबर १९९८

खंडेनवमी, ३० सप्टेंबर. माल तपासला. तिरडीचे बांबू २०७ चे पुरतील, दादांनी उंची बुटात मोजलीय. बाकी पास.
सहादेव कानिफनाथ खेडकर